पगार तू म्हणशील तो

फॉर्म भरण्यात उल्काचा हात धरणारं माणूस अख्ख्या अमेरिकेत सापडलं नसतं, आणि नेमका तिथेच तिचा घात झाला.

बावीस वर्षांपूर्वी नागपूरहून आली तेव्हापासून व्हिसाचे, मुदतवाढीचे, ग्रीन कार्डाचे असे किती फॉर्म तिनं भरले असतील याची मोजदाद नाही. एक रकाना चुकला तर विमानात बसवून परत पाठवतील, ही धास्ती तिच्याबरोबर आलेल्या सगळ्यांच्याच हाडीमाशी भिनलेली. पण उल्का त्यातही वरचढ. गेल्या दहा वर्षांतले परदेशप्रवास लिहा म्हटलं, तर नायगारा बघायला पूल ओलांडून कॅनडाच्या बाजूला काढलेली एक दुपारसुद्धा ती तारखेसकट लिहायची. नवरा विनय हयात होता तेव्हा चिडवायचा, "शिंकलीस तेही लिही." तिनं लिहिलंही असतं, पण तेवढा रकाना कुणी ठेवला नव्हता.

जूनमध्ये ईडन प्रेरी गावातल्या कंपनीनं तिला काढलं. अकरा वर्षं ती तिथे हृदयाच्या यंत्रांचं सॉफ्टवेअर तपासत होती. काढायला बारा मिनिटांचा एक कॉल पुरला. रडून झाल्यावर तिनं पहिलं काम केलं ते बेकारभत्त्याचा अर्ज भरण्याचं. हा पैसा भीक नव्हे, इतकी वर्षं काम केल्याचा हक्क आहे, असं ती स्वतःला रोज बजावायची. आणि तरी नागपूरला आईशी बोलताना "थोडी सुट्टी घेतलीय" असंच सांगायची. हक्क वेगळा आणि आई वेगळी.

भत्ता सुरू झाला. दर रविवारी सरकारी वेबसाइटवर पाचसहा प्रश्नांची उत्तरं द्यायची, की बुधवारपर्यंत पैसे खात्यात. या आठवड्यात काम केलंत का? काम करण्याजोगे होतात का? काम शोधलंत का? कुणी देऊ केलेलं काम नाकारलंत का? लोक दात घासता घासता टिचक्या मारून मोकळे होतात. उल्का चष्मा पुसून, पाण्याचा पेला शेजारी घेऊन बसायची.

ऑगस्टमध्ये बिऱ्हाड हललं. लेकीला, अनिकाला, न्यू जर्सीच्या सरकारी विद्यापीठात प्रवेश मिळाला होता. तिच्या हॉस्टेलचं भाडं आणि इकडे आपलं घरभाडं, असं दोन्हीकडे भरण्यापेक्षा तिकडेच आयसेलिन गावात एक खोली-स्वयंपाकघर घ्यावं, लेक घरून कॉलेजला जाईल, आपण तिथून नोकरी शोधू, असा हिशेब. राज्य बदललं तरी भत्ता जुन्या राज्याकडूनच चालू राहतो, हे तिनं निघण्यापूर्वी फोन करून विचारलं, आणि सांगणाऱ्या बाईचं नाव आणि वेळ वहीत टिपून ठेवली. नवा पत्ता कळवला. सगळं कसं यथासांग.

आयसेलिनला तिच्या ओळखीचं एकच घर, प्रल्हादकाका खांबेट्यांचं. काका तिच्या बाबांचे नागपूरचे कॉलेजातले मित्र. बाबा असताना म्हणायचे, "तिकडे काही अडलं तर प्रल्हाद आहे. तो आपल्या घरी जेवलेला माणूस आहे." काकांनी तीस वर्षं कुठल्याशा कंपनीत नकाशे काढले आणि निवृत्त झाल्यावर ओक ट्री रोडच्या एका आतल्या गल्लीत 'मालिनी गृहोद्योग' नावाचं दुकान थाटलं. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, पोह्याचे पापड. नाव मालिनीकाकूंचं, राबणंही काकूंचं. काका गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांना चहा पाजायचे.

आल्या आल्या पहिल्याच रविवारी काकांनी उल्काला आणि अनिकाला जेवायला बोलावलं. आणखी आठदहा माणसं होती. पुरणपोळी होती. आणि काकांचा आग्रह होता, ज्याला सारं आयसेलिन वचकून असे. दोन पोळ्यांनंतर हात आडवा केला तरी तिसरी पडायची, ताटावर वाकून बसलं तर मागून वाढायचे. अनिका कशीबशी "आय ॲम फुल, आजोबा" म्हणाली, तर तिच्या वाटीत तूप ओतून म्हणाले, "मग आता बारीक पोळी देतो."

जेवता जेवता कुणीतरी उल्काच्या नोकरीचा विषय काढला. ताटाभोवती एकदम शांतता झाली. नोकरी गेलेल्या माणसाभोवती होते तशी. काकांना ती सहन झाली नाही. हातातला तुपाचा चमचा उंच धरून ते गरजले,

"गेली तर गेली! माझ्या मित्राची पोर आहे. उल्का, उद्यापासून दुकानात ये. काउंटर तुझा. पगार तू म्हणशील तो!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. उल्का हसली आणि म्हणाली, "नको काका, तुमचा आशीर्वाद आहे तेवढा पुरे."

"नको काय, नको? ये म्हणतो ना!"

"नको हो काका, खरंच."

"बरं, मग पोळी तरी घे," असं म्हणून काकांनी चौथी पोळी वाढली आणि विषय संपला. हा असा संवाद आपल्याकडे कितीदा होतो. तो ज्यानं केला तोही विसरतो, ज्यानं ऐकला तोही विसरतो.

उल्का विसरली नाही. संध्याकाळी चष्मा पुसून ती फॉर्मला बसली. कुणी देऊ केलेलं काम नाकारलंत का? तिचं बोट थबकलं. तिनं आठवून पाहिलं. काम देऊ केलं होतं, हे खरं. आपण नको म्हणालो, तेही खरं. दहा माणसांदेखत. तिनं 'होय'वर टिचकी मारली. लगेच खाली एक मोठा चौकोन उघडला: तपशील द्या. दिला की मग! प्रल्हाद खांबेटे, खाद्यपदार्थांचं दुकान, काउंटरवरचं काम, पगार मी म्हणेन तो, मी नम्रपणे नकार दिला. काकांचा फोन नंबरही घातला, तसा रकाना होता म्हणून.

आपल्याच पायावर धोंडा मारून घेणारे पुष्कळ पाहिले, पण इतक्या सुवाच्य अक्षरात मारून घेणारी ही एकच.

बुधवारी पैसे आले नाहीत. पुढच्या बुधवारीही नाहीत. मग पत्र आलं: योग्य काम सबळ कारणाशिवाय नाकारल्याबद्दल भत्ता बंद. मान्य नसेल तर अपील करा.

अनिकानं पत्र वाचलं, मग आईनं चौकोनात लिहिलेलं वाचलं, आणि कपाळावर हात मारला. हे एवढं मात्र ती अस्सल मराठी मारते.

"आई, हू डझ दॅट? ही वॉज जस्ट बीइंग नाइस!"

"पण ते म्हणाले होते ना, 'ये' म्हणून."

"ही ऑल्सो सेड पाचवी पोळी घे. तू ते रिपोर्ट केलंस?"

उल्कानं अपील केलं. मग सुरू झालं वाट बघणं. सप्टेंबर गेला, ऑक्टोबरही गेला. नोकऱ्यांसाठी ती रोज अर्ज करत होती. दोन ठिकाणी मुलाखतीही झाल्या, एका ठिकाणी तर तिसऱ्या फेरीपर्यंत पोचली आणि मग त्यांनी ती जागाच रद्द केली. शिल्लक होती ती बिऱ्हाड हलवण्यात आणि फीच्या पहिल्या हप्त्यात गेली होती. भत्त्याच्या दर बुधवारी ती सकाळी उठून बँकेचं ॲप उघडायची आणि मग दिवसभर उगीचच ओटा पुसायची.

एके दिवशी प्रिंटरच्या ट्रेमध्ये तिला एक कागद सापडला. कॉलेजातून रजा घेण्याचा अर्ज, अनिकाच्या नावानं भरलेला. सहीची जागा तेवढी मोकळी.

"काय आहे हे?"

"एडिसनच्या एका वेअरहाऊसमध्ये फुल टाइम जॉब मिळतोय," अनिका म्हणाली. "त्यांना महिनाअखेरच्या शुक्रवारपर्यंत आन्सर हवंय. आई, इट्स ओके. एक वर्ष फक्त. मग परत जाईन."

एक वर्ष फक्त. उल्काला ठाऊक होतं, असं 'फक्त' म्हणून सोडलेलं शिक्षण किती जणांच्या वाट्याला परत येतं. विनय गेला तेव्हा ही पोरगी अकरा वर्षांची होती. तेव्हाही "इट्स ओके, आई" असंच म्हणाली होती. उल्कानं तो कागद ट्रेमध्ये जसाच्या तसा ठेवला, न्हाणीघरात गेली, नळ सोडला आणि तोंडात पदराऐवजी टॉवेल कोंबून रडली.

सुनावणीची तारीख आली. त्या शुक्रवारच्या आठ दिवस आधीचा गुरुवार, सकाळी दहा वाजता, फोनवर.

दिवाळी नुकतीच झाली होती. उल्का एक साधंसं पत्र टाइप करून काकांच्या दुकानात गेली. मजकूर चार ओळींचा: जेवताना मी जे म्हणालो ती नोकरीची खरी ऑफर नव्हती, आपलेपणानं बोललो होतो. खाली सहीची रेघ.

काकू मागच्या बाजूला मेतकुटाच्या पिशव्यांची तोंडं यंत्रावर बंद करत होत्या. समोर फडताळावर फराळाचे डबे होते, दिवाळी उलटून आठवडा झाला तरी बरेचसे तसेच. दोन गिऱ्हाइकं उभी होती. काकांनी पत्र हातात घेतलं, चष्मा कपाळावर चढवून वाचलं, आणि त्यांचा चेहरा लाल झाला.

"म्हणजे मी थापा मारतो, असं लिहून देऊ?"

"तसं नाही, काका..."

"मग कसं? दहा माणसांसमोर मी शब्द दिला. तो खोटा होता, असं आता सरकारला कळवू? प्रल्हाद खांबेट्यानं आजवर दिलेला शब्द मोडलेला नाही, उल्का. त्या दिवशी म्हणालो होतो, आज परत म्हणतो. उद्या ये. बस काउंटरवर!"

गिऱ्हाइकं कौतुकानं बघत होती. उल्काला एकदम वाटलं, का नाही? नोकरी ती नोकरी. अनिकाची फी तरी भागेल. ती मनापासून म्हणाली,

"किती वाजता येऊ, काका?"

मागे काकूंच्या यंत्राचा आवाज थांबला.

"म्हणजे?" काका म्हणाले.

"उद्या. किती वाजता येऊ?"

काका फडताळावरच्या डब्यांकडे बघू लागले. "ये की... तुझ्या सवडीनं. घाई काय आहे."

काहीतरी बिनसलं होतं, पण काय ते उल्काला कळेना. काकांनी पत्राची घडी घालून तिच्या हातात परत दिली. "सहीबिही मी करणार नाही. ते लोक मला फोन करणार आहेत ना? तेव्हा मला काय बोलायचं ते मी बोलेन."

फोन येणारच होता. नंबर उल्कानंच लिहिला होता.

घरी येऊन तिनं अनिकाला सांगितलं. अनिकाच्या लगेच लक्षात आलं. काका जर म्हणाले की ऑफर अगदी खरी होती, तर आईनं खरीखुरी नोकरी नाकारली असा अर्थ होतो. पगारसुद्धा ती म्हणेल तो. मग संपलंच. "सो ही विल सेव्ह हिज इज्जत अँड सिंक यू," अनिका म्हणाली. उल्काला राग यायला हवा होता, पण आला नाही. तिला काकांचा तो फडताळाकडे वळलेला चेहराच दिसत राहिला.

गुरुवारी दहा वाजता जेवणाच्या टेबलावर फोन ठेवून मायलेकी समोरासमोर बसल्या. एक जज बाई होत्या, आवाजावरून पन्नाशीच्या, सर्दी झालेल्या. दुसऱ्या बाजूला काका दुकानातून बोलत होते. त्यांच्या दाराची घंटा अधूनमधून किणकिणत होती. खरं बोलेन अशी शपथ दोघांनाही दिली गेली.

आधी उल्काची पाळी. तिनं सगळं पहिल्यापासून सांगितलं. पुरणपोळीसकट. आमच्याकडे पाहुण्याला पोट भरलं तरी वाढतात, त्याला आग्रह म्हणतात. वाढणाऱ्यानं 'घ्या' म्हणायचं आणि घेणाऱ्यानं निदान दोनदा 'नको' म्हणायचं, अशी रीत आहे. काकांचं बोलणं मला त्यातलंच वाटलं.

"मग जर ती खरी ऑफर नाही असं तुम्हाला वाटत होतं," जज बाई म्हणाल्या, "तर तुम्ही फॉर्मवर 'होय' का लिहिलंत?"

उल्कानं थोडा विचार केला. "कारण प्रश्न विचारला होता," ती म्हणाली.

अनिकानं डोळे मिटून घेतले. पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

मग जज बाईंनी काकांना विचारलं, "मिस्टर खांबेटे, तुम्ही यांना नोकरी देऊ केली होती का?"

"हो," काका म्हणाले. नकाशांच्या कचेरीत तीस वर्षं वापरलेलं त्यांचं इंग्रजी जुनं पण खणखणीत होतं. "दहा माणसांसमोर. आणि मी माझा शब्द पाळणारा माणूस आहे."

अनिकाचा हात टेबलावरून सरकत आला आणि उल्काच्या हातावर थांबला. प्रिंटरच्या ट्रेमधला कागद दोघींनाही बसल्या जागेवरून दिसत होता.

"ठीक आहे," जज बाई म्हणाल्या. "मला काही तपशील भरायचे आहेत. काम कधीपासून सुरू होणार होतं?"

"दुसऱ्या दिवसापासून."

"किती वाजता?"

"तसं... वेळेचं काही ठरलं नव्हतं."

"आठवड्याला किती तास?"

"ते आम्ही मग बघितलं असतं."

"पगार? इथे लिहिलंय, त्या म्हणतील तो."

"हो."

"त्या किती म्हणाल्या?"

"त्या काही म्हणाल्या नाहीत."

"तुमच्याकडे सध्या किती नोकर आहेत, मिस्टर खांबेटे?"

"नोकर नाहीत. माझी पत्नी आहे."

"त्यांना पगार किती देता?"

दाराची घंटा वाजली. कुणीतरी आलं आणि कुणीतरी, बहुधा काकूंनी, त्याला हळू आवाजात परत पाठवलं. जज बाईंनी घाई केली नाही. त्यांनी नाक शिंकरलं आणि वाट बघत राहिल्या. उल्काला वाटलं, फोन आपटून बंद करावा. अपील खड्ड्यात जाऊ दे, पण या माणसाला अजून विचारू नका.

"मॅडम," काका म्हणाले, आणि त्यांचा आवाज आता गल्ल्यावरचा नव्हता. "मी शपथ घेतली आहे, म्हणून सांगतो. तिला द्यायला माझ्याकडे पैसे नव्हते. माझ्या पत्नीला मी चार वर्षांत एक डॉलर दिलेला नाही. हमरस्त्यावर मोठमोठी दुकानं झाली, त्यांच्याकडे सगळंच मिळतं. डिसेंबरअखेर आमचा करार संपतो आणि त्याबरोबर दुकानही. हे आम्ही अजून कुणाला सांगितलेलं नाही. आता तुम्हाला सांगितलं. त्या पोरीनं 'येते' म्हटलं असतं तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही. परवा तिनं विचारलं, किती वाजता येऊ, तेव्हा मला तोंड लपवायला जागा उरली नाही."

"मग तुम्ही ऑफर का दिलीत?" जज बाईंनी विचारलं. आवाजात दटावणी नव्हती.

"तिच्या वडिलांमुळे. मी नागपुरात कॉलेजात होतो, तेव्हा माझ्याकडे खाणावळीचे पैसे नव्हते. आमच्याकडे तेव्हा एक पद्धत होती. गरीब विद्यार्थ्याला घरं वार लावून द्यायची. या घरी सोमवार, त्या घरी मंगळवार. माझा मंगळवार यांच्या घरी होता. दोन खोल्यांचं घर, सात माणसं. चार वर्षं मी दर मंगळवारी साडेनऊला जायचो आणि पाट मांडलेला असायचा. कुणी मला 'या' म्हटलं नाही, कुणी आग्रह केला नाही, कुणी चारचौघांत सांगितलं नाही. फक्त पाट मांडलेला असायचा." काकांनी श्वास घेतला. "ती ऑफर होती, मॅडम. माझं नुसतं बोलणं होतं. त्यांची पोर माझ्या पंगतीला बेकार बसली होती, आणि माझ्याकडे तेवढंच होतं."

उल्काला यातलं काही ठाऊक नव्हतं. बाबा फक्त म्हणायचे, आपल्या घरी जेवलेला माणूस आहे. कधी, किती, कशासाठी, ते त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते पुसले नाहीत. अनिकानं अर्धंमुर्धं समजून विचारलं, "पाट म्हणजे?" आणि उल्कानं नुसतीच मान हलवली.

निकाल लेखी कळवू, असं म्हणून जज बाईंनी दोघांचे आभार मानले. फोन ठेवण्याआधी म्हणाल्या, "मिस्टर खांबेटे, तुमच्या दुकानाबद्दल वाईट वाटलं." सरकारी फोनवर एवढं कोण बोलतं? त्या बोलल्या.

निकाल पुढच्या बुधवारी वेबसाइटवर आला. दोन पानांचा होता, पण उल्काच्या लक्षात राहिली ती एकच ओळ: काम, वेळ आणि मोबदला यांपैकी काहीही ठरलेलं नसल्यामुळे ही कामाची ऑफर नव्हती, ही सदिच्छा होती. अडलेले सगळे आठवडे मंजूर. अनिकानं प्रिंटरमधला कागद काढला, चार तुकडे केले आणि वेअरहाऊसला 'नो, थँक यू' असा मेल पाठवला. मग आईकडे वळून म्हणाली, "आता हे रिपोर्ट करू नको, प्लीज." पुष्कळ दिवसांनी त्या घरात दोघी पोट धरून हसल्या.

शनिवारी सकाळी उल्का दुकानात गेली. काका स्टुलावर बसले होते. तिला बघून त्यांनी वर्तमानपत्र उघडलं.

"झालं ना काम?"

"झालं, काका."

"बरं झालं." पान उलटलं. "म्हाताऱ्याची अब्रू कुणाच्या तरी उपयोगी पडली."

"अब्रूबिब्रू काही गेली नाही," काकू मागून म्हणाल्या. "चार वर्षांत पहिल्यांदा खरं बोललात. मला रात्री झोप लागली."

उल्का भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरापाशी गेली. "काका, डिसेंबरअखेर दुकान रिकामं करायचंय ना. मी आणि अनिका येत जाऊ. खोकी बांधू, फडताळं उतरवू, उरलेला माल कुणाला हवा त्याला पोचवू."

"नको गं. कशाला उगीच?"

"खोकी मी आणेन."

"नको म्हणतो ना. तू नोकरी शोध. आम्ही दोघं करू हळूहळू."

"मी फोन करून विचारलंय. भत्ता घेताना बिनपगारी मदत चालते, फक्त दर आठवड्याला तास लिहायचे. सांगणाऱ्याचं नाव वहीत आहे."

"त्या बदल्यात निदान मेतकूट तरी ने," काकू म्हणाल्या.

"नको काकू, मेतकूट नेलं तर तेही लिहावं लागेल."

काकू तोंडाला पदर लावून हसू लागल्या. काका हसले नाहीत. ते वर्तमानपत्राआडून तिसऱ्यांदा म्हणाले, "नको, पोरी. आग्रह करू नकोस."

"मी आग्रह करत नाहीये, काका," उल्का म्हणाली. "मी वार सांगतेय. शनिवार. सकाळी नऊ ते अकरा."

वर्तमानपत्र खाली आलं. काका तिच्याकडे बघत राहिले. तोंड लपवायला आता हातात काहीच नव्हतं. या वेळी 'नको' आलं नाही.

मग ते उठले, गल्ल्यातून पेन्सिल काढली, आणि चष्मा नीट करून डिसेंबरअखेरपर्यंतच्या प्रत्येक शनिवारच्या चौकोनात नऊचा आकडा लिहीत गेले.